संथ वेगात डिझेल गाडी अडखळते ती पेडलखालच्या वायरीमुळे नव्हे

डिझेल गाड्यांविषयीचा एक संदेश पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा : पूर्वी ॲक्सिलरेटरची केबल थेट इंजिनापर्यंत जात असे, आता मध्ये इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आणि संगणक आला आहे, पायाचा निरोप संगणकामार्फत इंजिनाला मिळेपर्यंत वेळ जातो, म्हणून संथ वेगात गाडी आधी अडखळते आणि मग झटका देते. यावर चार तोडगेही सांगितलेले असतात. थ्रॉटल बॉडी साफ करावी, चावी फिरवून पेडल दहा सेकंद तळापर्यंत दाबून ठेवावे, पेडलला ‘बूस्टर’ बसवावा आणि ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा वायू पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा) बंद करावा. यातली तक्रार खरी आहे; रहदारीत दुसऱ्या गिअरमध्ये डिझेल गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक आहे. निदान मात्र चुकीचे आहे, आणि चुकीच्या निदानामुळे चांगले भाग बदलले जातात व बिघडलेला भाग तसाच राहतो.

पहिला मुद्दा थ्रॉटलचा. पेट्रोल इंजिनाची ताकद हवेवर ठरते. एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा हे प्रमाण बहुतेक वेळ सांभाळायचे असल्यामुळे हवेच्या वाटेत एक झडप, म्हणजे थ्रॉटल, असते आणि पेडल दाबले की ती उघडते. डिझेल इंजिनाची ताकद इंधनाच्या मात्रेवर ठरते. हवा येईल तितकी घेतली जाते आणि आयडलला, म्हणजे पेडल न दाबता इंजिन नुसते चालू असताना, तर इंधनाच्या पन्नास-साठ पट किंवा त्याहूनही जास्त हवा सिलिंडरमध्ये असते. अनेक नव्या डिझेल गाड्यांच्या इनटेकमध्ये (हवा आत घेणाऱ्या वाटेत) तशीच दिसणारी झडप असते हे खरे, परंतु तिची कामे वेगळी आहेत : एक्झॉस्टमधला वायू आत ओढला जावा म्हणून थोडा दाबफरक निर्माण करणे, काजळीचा फिल्टर जाळून साफ होत असताना एक्झॉस्टचे तापमान वाढवणे आणि चावी बंद केल्यावर इंजिन न हादरता थांबवणे. नेहमीच्या चालण्यात ती बहुधा उघडीच असते. तिच्यावर काजळी फार साचली असेल तर ती जरूर साफ करावी. पण ‘थ्रॉटल उशिरा उघडतो’ हे कारण मूळ पेट्रोल इंजिनाचे आहे, डिझेलला ते लागू होत नाही.

जुनी केबल ‘थेट’ होती, हेही तपासून पाहण्यासारखे आहे. यांत्रिक पंपाच्या डिझेल गाडीत केबल पंपावरच्या तरफेला जोडलेली असे आणि ती तरफ गव्हर्नरच्या, म्हणजे फिरत्या वजनांनी इंजिनाचे फेरे आवरणाऱ्या यंत्रणेच्या, स्प्रिंगवर काम करी. इंधन किती सोडायचे हे पाय, इंजिनाचे फेरे आणि फिरती वजने मिळून ठरवत. पाय आणि इंधन यांच्यामध्ये कोणीतरी मध्यस्थ डिझेलमध्ये पहिल्यापासून आहे. फक्त त्याची जागा आता ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या संगणकाने, घेतली आहे.

दुसरा मुद्दा उशिराचा, आणि तो आकड्यांनीच तपासावा. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन ज्वलने होतात. मिनिटाला १,२०० फेऱ्यांवर सेकंदाला ४० ज्वलने, म्हणजे दोन ज्वलनांमध्ये २५ मिलिसेकंदांचे अंतर. पेडलच्या सेन्सरचे वाचन आणि त्यावरचा हिशेब ईसीयू दर काही मिलिसेकंदांनी करत असतो. निरोप पोहोचायला लागणारा वेळ साधारण एका ज्वलनाच्या अंतराएवढा असतो आणि तो पायाला जाणवू शकत नाही. चालकाला जो उशीर जाणवतो तो अर्धा सेकंद, एक सेकंद, कधी त्याहूनही जास्त असतो. ही खात्री घरच्या घरी करता येते. गरम झालेले इंजिन आयडलवर ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये असताना पेडल थोडेसे दाबून सोडावे. फेऱ्यांचा काटा लगेच हलला, तर वायर आणि सेन्सर आपले काम वेळेवर करत आहेत आणि उशीर फक्त भार पडल्यावर होतो आहे.

भार पडल्यावर तो का होतो, हे या विषयाचे खरे मर्म आहे. टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर फिरतो आणि इंजिनात जास्त हवा ढकलतो. १,२०० फेऱ्यांवर त्याला फिरवणारा एक्झॉस्टचा प्रवाह तुटपुंजा असतो, त्यामुळे सिलिंडरमध्ये जवळपास वातावरणाच्या दाबाचीच हवा जाते. अशा वेळी पेडल निम्मे दाबले तर चालक जेवढे इंधन मागतो तेवढे जाळायला हवा पुरत नाही, आणि ते तसेच सोडले तर काळा धूर निघतो. म्हणून ईसीयू एअर मास सेन्सरने मोजलेली हवा पाहून इंधनाला मर्यादा घालतो. टर्बोचा दाब वाढतो तशी मर्यादा सैल होते, इंधन वाढते, एक्झॉस्ट वाढतो आणि टर्बो आणखी वेगाने फिरतो. चालकाला आधी ‘काहीच नाही’ आणि मग ‘एकदम सगळे’ असे वाटते ते या साखळीमुळे. जुन्या टर्बो डिझेल गाड्यांतही हा उशीर होता. काहींच्या पंपावर टर्बोच्या दाबाने हलणारा पडदा हीच मर्यादा घालत असे, आणि जिथे ती ढिली होती तिथे मागून येणाऱ्याला काळा धूर दिसे.

इथे संदेशाच्या बाजूचीही एक गोष्ट मान्य करायला हवी. ईसीयू पायाची मागणी जशीच्या तशी पुढे पाठवत नाही. पेडलचा पहिला टप्पा अनेक गाड्यांत मुद्दाम मऊ ठेवलेला असतो आणि टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) अचानक न वाढवता चढत्या क्रमाने वाढवला जातो. मात्र याचा हेतू झटके कमी करणे हा आहे.

झटक्यांची उत्पत्ती बहुधा पाय उचलण्यात असते. फेरे आयडलच्या बरेच वर असताना पाय पूर्ण काढला की इंजेक्टर इंधन पूर्णपणे बंद करतात आणि चाके इंजिनाला फिरवू लागतात. फेरे आयडलजवळ आले, किंवा पाय पुन्हा टेकला, की इंधन सुरू होते आणि इंजिन चाकांना ढकलू लागते. या प्रत्येक उलटापालटीत गिअरच्या दातांमधली, ॲक्सलच्या सांध्यांमधली आणि इंजिन माउंटिंगच्या (इंजिन गाडीला धरून ठेवणाऱ्या आधारांच्या) रबरातली ढील एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाते. संथ रहदारीत मिनिटाला दहा वेळा पाय ठेवणे-उचलणे झाले, तर हीच क्रिया दहा वेळा होते. दहा-बारा वर्षे चाललेल्या गाडीत माउंटिंगचे रबर खचले असेल तर धक्का कितीतरी जास्त जाणवतो आणि दोष मात्र पेडलला दिला जातो. शिवाय आयडलला प्रत्येक इंजेक्टर एका वेळी काही घन मिलिमीटर इतकेच इंधन सोडतो. चारपैकी एकाची मात्रा जराशी चुकली तरी संथ वेगात ती थरथर म्हणून जाणवते, पण मोकळ्या रस्त्यावर लक्षातही येत नाही.

आता तोडगे. चावी फिरवून पेडल दहा सेकंद दाबल्याने इंधनाचा, हवेचा किंवा टर्बोचा कोणताही हिशेब बदलत नाही. पेडलच्या सेन्सरमध्ये दोन स्वतंत्र वाचने असतात आणि ईसीयू ती सतत एकमेकांशी ताडून पाहतो. ती जुळली नाहीत तर दिवा लागतो आणि गाडी मर्यादित ताकदीवर जाते. त्या सेन्सरचा दोष सहसा असा प्रकट होतो, रोजच्या बारीक अडखळण्यातून नव्हे.

बूस्टर नावाचे उपकरण सेन्सर आणि ईसीयू यांच्यामध्ये बसते आणि तीस टक्के दाबलेले पेडल पन्नास टक्के असल्याचे सांगते. पूर्ण दाबलेले पेडल तेव्हाही शंभर टक्केच असते, म्हणजे ताकद वाढत नाही. हवेची कमतरता तशीच राहते, आणि पायाच्या थोड्याशा हालचालीला जास्त मागणी जोडली गेल्यामुळे पहिल्या-दुसऱ्या गिअरमधले झटके वाढतात. ज्या त्रासावर हा उपाय म्हणून विकला जातो, त्याच त्रासात तो भर घालतो, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

ईजीआरबद्दल थोडी सावधगिरी हवी, कारण तिथे अर्धे सत्य आहे. काजळीने ईजीआरची झडप उघडी अडकली तर कमी फेऱ्यांवर सिलिंडरमध्ये ताजी हवा कमी जाते, इंधनाची मर्यादा आणखी घट्ट होते आणि गाडी अडखळते, कधी बंदही पडते. अशा वेळी ती झडप साफ करावी किंवा बदलावी. तिची वाट पत्रा लावून बुजवली तर नायट्रोजन ऑक्साइड वाढतात आणि ईसीयूला अपेक्षित हवा आणि मोजलेली हवा जुळत नसल्यामुळे बिघाडाचा दिवा लागण्याची शक्यता असते.

गाडी पूर्वीपेक्षा खरोखर जास्त अडखळू लागली असेल, तर तपासणी हवेच्या वाटेपासून सुरू करावी : टर्बोपासून इंजिनाकडे जाणारे रबरी पाइप आणि त्यांचे क्लॅम्प, व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या, एअर फिल्टर, एअर मास सेन्सर, ईजीआर, आणि मग माउंटिंग. माझ्या गाडीवर पेडलचा संच बदलण्याचा सल्ला मिळाला होता; दोष निघाला तो क्लॅम्पखाली चिरलेल्या एका पाइपचा, जो इंजिन थंड असताना हाताने दाबून पाहिल्यावरच दिसला. स्कॅनर जोडता आला तर पेडलची टक्केवारी, टर्बोचा मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब हे तिन्ही आकडे एकाच वेळी पाहावेत. टक्केवारी लगेच चढते आणि दाब मागे रेंगाळतो, असे दिसले की पेडल निर्दोष ठरते.

गाडीत काहीच दोष नसेल, तर गिअरची निवड पाहावी. आयडलच्या सुमारे ८०० फेऱ्यांवर पहिल्या गिअरमध्ये बहुतेक छोट्या डिझेल गाड्या ताशी सहा-सात किलोमीटरने पेडल न दाबताही सरकतात, कारण फेरे पडू लागले की ईसीयू आपणहून इंधन वाढवतो. रांग तेवढ्याच गतीने पुढे जात असेल, तर क्लच पूर्ण सोडून, पाय पेडलवरून काढून गाडी तशीच चालू द्यावी. इंधन बंद-चालू होण्याचा प्रश्नच तिथे उरत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये फेरे हजाराच्या खाली गेल्यावर पेडल दाबण्याऐवजी पहिला गिअर घ्यावा.