डोळ्यांखालची वडिलोपार्जित इस्टेट

माझ्या डोळ्यांखाली जे काही आहे त्यावर बोलायचा हक्क मी सोडून सगळ्यांना आहे. पोट सुटलेल्या माणसाला कोणी तोंडावर "पोट सुटलंय हो तुमचं" म्हणत नाही, म्हणजे म्हणतात, आमच्याकडे पुण्यात म्हणतात, पण निदान आधी पाऊसपाण्याच्या दोन गोष्टी तरी बोलतात. काळी वर्तुळं दिसली की तेवढाही धीर धरवत नाही. वॉचमन विचारतो "मॅडम, तब्येत?", भाजीवाल्या मावशी पालकाची जुडी आपणहून पिशवीत टाकतात (पैसे घेतात), आणि ऑफिसातली एचआरवाली पॅन्ट्रीत गाठून हळूच म्हणते, "घरी सगळं ओके आहे ना गं?" आणि मग पार्टीला नवरा आला की सगळं ऑफिस त्याच्याकडे संशयाने बघतं, तो बिचारा साडेदहाला घोरायला लागणारा माणूस.

निदान सगळ्यांचं एकच. झोप होत नाही. आता ह्यातली खरी ट्रॅजेडी अशी की मला झोप उत्तम लागते, लोकलमध्ये उभ्याने लागते, सत्यनारायणाच्या कथेत लागते. उलट रविवारी दणकून झोपावं तर उठल्यावर डोळ्यांखाली पिशव्या तयार, कारण आडवं पडून राहिलं की पाणी तिथे साचतं, आणि आदल्या रात्री मिसळ, वर जास्तीचं फरसाण, वर मिरचीचं लोणचं असं सगळं झालेलं असतं आणि मीठ ते पाणी धरून बसतं. उभं राहून कामाला लागलं की दुपारपर्यंत उतरतं. म्हणजे मी जितकी जास्त झोपते तितकं लोक जास्त विचारतात की काल झोपली नाहीस का. ह्यावर माणसाने उत्तर तरी काय द्यावं?

मग उपाय. सगळ्यात आधी नणंदेने रील पाठवलं, वापरलेल्या टी-बॅग्ज गार करून डोळ्यांवर ठेवा, चहातल्या कॅफिनने रक्तवाहिन्या आकसतात. ते खरंय, थोडा वेळ आकसतात. पण आमच्या घरात टी-बॅग आणायची कुठून? आमच्याकडे चहा म्हणजे पातेल्यात पावडर, आलं, साखर, दूध, तीन उकळ्या, आणि शेवटी गाळणीत उरतो तो चोथा, ज्याच्यावर गॅलरीतल्या गुलाबाचा पहिला हक्क. सासूबाईंनी रील दोनदा बघितलं आणि म्हणाल्या, "बॅगच हवी ना? मग करू की." सासऱ्यांच्या जुन्या धोतराचा तुकडा फाडला, चोथ्याच्या दोन पुरचुंड्या बांधल्या, फ्रीजमध्ये कोथिंबिरीच्या डब्याशेजारी गार केल्या आणि मला सोफ्यावर आडवं पाडलं. चोथ्यात आलं होतं, त्यामुळे डोळे चुरचुरायला लागले, दूध-साखरेचं पाणी कानापर्यंत ओघळलं, मी उठायला गेले की "पडून राहा गं, लागू पडतंय" असा दम. शेवटी उठून बघते तर दोन्ही डोळ्यांभोवती बशीचा डाग पडावा तसे तपकिरी गोल. सासूबाईंनी चष्मा लावून नीट निरखलं आणि म्हणाल्या, "पण आधीपेक्षा एकसारखे झालेत हं."

बटाट्याच्या चकत्या झाल्या, काकडी झाली, बदाम तेल झालं. स्टीलचे चमचे फ्रीजरमध्ये ठेवून झाले, त्याने सूज खरंच जरा उतरते, पण पाहुण्यांसमोर "अगं, श्रीखंडाचे चमचे फ्रीजरमध्ये का आहेत?" ह्याचा खुलासा करावा लागतो. लिंबू मात्र मी ठामपणे नाकारलं. त्या जागची कातडी म्हणे जेमतेम ०.५ मिलिमीटर जाड, सगळ्या अंगात सगळ्यात पातळ ती डोळ्यांभोवतीच, तिथे लिंबू पिळायला मी काय कांदाभजी आहे?

आय क्रीमचं प्रकरण वेगळंच. ट्यूब १५ मिलीची, किंमत अशी की नवऱ्याला सांगताना निम्मी सांगावी. ते अनामिकेनेच लावायचं, कारण त्या बोटाचा दाब सगळ्यात कमी, आणि चोळायचं नाही, थोपटायचं. सबंध घरात मी कोणाला इतकं हळुवार थोपटलं नसेल. मॉलमधल्या मुलीने तर माझ्याकडे बघून सुस्कारा टाकला आणि डोळ्यांखाली भडक नारिंगी कलर करेक्टर फासलं, म्हणाली निळसर-काळपट रंगाला नारिंगी रंग मारतो. त्यावर कातडीच्या रंगाचं कन्सीलर. लॉजिक बरोबर आहे, दुकानातल्या आरशात तर मी दहा वर्षांनी लहान दिसत होते. पण मे महिना, दुपारची वेळ, रिक्षातून घरी येईपर्यंत वरचा थर सुरकुत्यांमध्ये जाऊन बसला आणि खालचा नारिंगी वर आला. लेकाने दार उघडलं आणि आत बघून ओरडला, "बाबा, आईने शेंदूर लावलाय!"

शेवटी स्किनच्या डॉक्टरांकडे गेले. हिमोग्लोबिन बघितलं, ते बाराच्या वर, म्हणजे पालकाची जुडी फुकट. मग त्यांनी ॲलर्जी आहे का, नाक चोंदतं का, डोळे चोळता का असं विचारलं, कारण चोळून चोळूनही तिथली कातडी काळवंडते आणि नाक चोंदलं की तिथल्या शिरा भरून निळसर दिसायला लागतात. मग बोटाने खालची कातडी जराशी ताणली. ताणल्यावर निळं जास्त दिसलं तर शिरा, काळेपणा होता तसाच राहिला तर रंगद्रव्य. मग माझी हनुवटी धरून चेहरा दिव्याकडे वर केला आणि म्हणाले, "बघा, अर्धं गेलं." म्हणजे अर्धी ती सावलीच होती! गालाच्या वर खळगा असला की वरून पडणाऱ्या उजेडात तिथे सावली पडते, म्हणूनच ऑफिसच्या लिफ्टमध्ये, बरोब्बर डोक्यावर दिवा असताना, मी महिनाभर आजारी असल्यासारखी दिसते. आणि उरलेलं अर्धं? "घरात कोणाला आहे?" मोबाइलमध्ये आजोबांचा फोटो होता, ब्लॅक अँड व्हाइट, कोट, काळी टोपी आणि त्याखाली तंतोतंत माझे डोळे. बाबांचे तेच. आत्याचे तर दोन मजली. डॉक्टर हसले. सनस्क्रीन लावा, रात्री हे थोडंसं लावा, मीठ कमी करा, बाकी खळगा भरायचं इंजेक्शन असतं, फिलर म्हणतात ते, ऑपरेशन असतं, पण खरं सांगू का, हे तुमचं घराण्यातूनच आलंय. आजोबांच्या शेतातला गुंठाभर तुकडा आमच्या वाट्याला आला नाही, त्यावरून अजून कोर्टात तारखा पडतात, आणि हे मात्र विनातक्रार, विनास्टँपड्यूटी माझ्या नावावर!

तेव्हापासून मी हनुवटी वर करून फिरायला लागले. फुकट उपाय आहे, खिशाला चाट नाही. सासूबाईंचं मत पडलं की प्रमोशनपासून मी शेफारलेय. आत्याला फोनवर सांगितलं तर तिला इतकं पटलं की तिने ते फॅमिली ग्रुपवर टाकलं, वर "डॉक्टरांनी सांगितलेला रामबाण" असं लिहून, आणि कोणी काही म्हणायच्या आत नागपूरच्या काकांचा अंगठा आला.

परवा चुलत भावाचा साखरपुडा होता. हॉलमध्ये माहेरचं अख्खं खटलं एका ओळीत फोटोला उभं राहिलं, काका, बाबा, दोन्ही आत्या, त्यांची मुलं, मी, आणि फोटोग्राफरने "रेडी" म्हटल्याबरोबर सगळ्यांनी एकाच वेळी हनुवट्या वर केल्या. त्याने कॅमेरा खाली घेतला, मागे वळून छताकडे बघितलं, परत आमच्याकडे बघितलं. म्हणाला, "काका, पाल आहे का वर?"