'अणूचं इंजेक्शन'वाला तो मेसेज आमच्या घरापर्यंत पोचला म्हणून

काल रात्री गोव्यातल्या डिचोलीहून वहिनीने मला एक फॉरवर्ड पाठवला, खाली लिहिलेलं, "भावोजी, चवथ होऊन जाऊंदे, मग बघू स्कॅनचं." पुतण्या तीन वर्षांचा. मागच्या आठवड्यात त्याच्या शीला विटकरी रक्त गेलं, तेही दोनदा, हिमोग्लोबिन 7.8 वर आलं, रक्त चढवलं, आणि आता डॉक्टरांनी मेकेल स्कॅन (आतड्यात रक्त कुठून येतंय ते शोधणारा) सांगितलाय तर ही चवथीपर्यंत, म्हणजे गणेशचतुर्थीपर्यंत थांबणार, का तर मेसेजात लिहिलंय "मुलांच्या पोटात अणूचं विष टोचतात, हिरोशिमा आठवा".

हिरोशिमावर मी काय बोलू? इथे स्फोटबिफोट काही नसतो, शिरेतून थोडं टेक्नेशियम नावाचं किरण सोडणारं द्रव्य देतात आणि ते किरण टिपणाऱ्या गॅमा कॅमेऱ्याखाली अर्धा-पाऊण तास निजवतात.

"मूल सहा महिने घरात किरण सोडतं, गरोदर बायकांनी लांब राहावं." सहा महिने नाही हो, सहा तास! टेक्नेशियम दर सहा तासांनी निम्मं होतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला सोळावा हिस्सा उरतो, आणि त्यातलंही काही तोवर लघवी-शीतून गेलेलं असतं. एक दिवस डायपर बदलल्यावर हात नीट धुवायचे.

रेडिएशन मुलांना उगाच देऊ नये हे मात्र खरं, तेवढं मान्य. म्हणूनच डोस वजनावर ठरतो. अमेरिकेच्या एसएनएमएमआय आणि युरोपच्या ईएएनएम या न्यूक्लियर मेडिसिनच्या दोन संस्थांनी मिळून 2014 साली याच स्कॅनची मार्गदर्शक तत्त्वं काढलीत, त्यात किलोमागे 1.85 मेगाबेकरेल (किरणोत्सार मोजायचं एकक) दिलंय. आमच्या 14 किलोच्या पोराला त्या हिशोबाने दीड-दोन मिलीसिव्हर्ट (शरीराला मिळणारं रेडिएशन मोजायचं एकक) पडतात. जगातल्या माणसाला माती, हवा, आकाश यांतून वर्षाला सरासरी 2.4 मिळतातच.

आता खरा संताप आणणारा मुद्दा. "शौचात रक्त म्हणजे उष्णता, दुर्वांचा रस द्या, सोनोग्राफीत काही नाही म्हणजे मुलाला काही नाही." हे लिहिणाऱ्याला समोर बसवून विचारावंसं वाटतं, बाबा, तू कधी रक्ताने भरलेला डायपर बघितलायस का? मूल पोटात असताना त्याच्या आतड्यापासून नाळेकडे एक नळी असते, ती पुढे विरून जायला हवी, कधीकधी तिचा तुकडा लहान आतड्यावर पिशवीसारखा राहून जातो, तो मेकेल्स डायव्हर्टिक्युलम. शंभरातल्या साधारण दोघांना असतो आणि बहुतेकांना जन्मभर पत्ता नसतो. पण काहींच्या पिशवीत चुकून जठराचं अस्तर असतं, ते तिथे आम्ल सोडतं, शेजारचं आतडं त्याने जळतं, जखम होते आणि रक्त वाहतं. दुखत नाही, पोर रडत नाही, म्हणून तर लोक उष्णता म्हणून सोडून देतात. सोनोग्राफीत ही पिशवी बऱ्याचदा दिसतच नाही. टेक्नेशियम जठराच्या अस्तरात ओढलं जातं, म्हणून जठर उजळतं त्याच वेळी बेंबीच्या आसपास दुसरा ठिपका उजळला की कळतं आम्ल कुठून येतंय. दुर्वांच्या रसाने ती पिशवी जाणार आहे का? ती ऑपरेशन करूनच काढावी लागते.

हां, प्रत्येक लाल शी म्हणजे मेकेल नाही. आदल्या दिवशी तांबडी भाजी किंवा बीट खाल्लं असेल तरी लाल होते, आणि बद्धकोष्ठाने चीर पडली तर रक्ताची रेघ दिसते, पण तेव्हा पोर बोंब मारतं.

"स्कॅन चुकतो" हेही अर्धं खरं. पिशवीत जठराचं अस्तर नसेल तर ती दिसणार नाही, म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तरी रक्त परत गेलं तर डॉक्टर पुढे शोधतातच. पण चुकतो म्हणून करूच नये, हे कुठलं शहाणपण?

वहिनीला रात्री अकराला फोन करून हे सगळं बडबडलो, दादा मागून हो हो करत होता. गुरुवारची तारीख कायम ठेवलीय. स्कॅनआधी तीन-चार तास उपाशी ठेवायचंय आणि पाववाल्या पोदेराचा हॉर्न वाजला की पोराला पाव लागतो, सध्या घरात त्याचीच चिंता चाललीय.