तोतया आयमॅक

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. ज्याने हे म्हटलं त्याने हॅकिंटॉश पाहिला नव्हता. बाजारातून सुटे भाग आणून जोडलेल्या पीसीवर ॲपलची मॅकओएस चढवायची, डाव्या कोपऱ्यातल्या सफरचंदावर टिचकी मारायची आणि ‘आयमॅक, २०२०’ ही अक्षरं वाचून कृतकृत्य व्हायचं. टेबलाखाली मात्र काळा पत्र्याचा डबा घरघरत असतो.

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून एक तोतया उभा राहिला. त्याने पेशवाईला चांगलंच झुलवलं आणि १७७६ साली त्याचा शेवट झाला. तोतयेगिरीत चेहरा जमवणं सोपं असतं, जीव जातो तो घरातल्या खाणाखुणा विचारल्यावर. हॅकिंटॉशचं अगदी तसंच आहे. मॅकओएस सुरू होताना शंभर प्रश्न विचारते. तुझं घड्याळ कोणतं? तुझे यूएसबी पोर्ट किती? तुझा सीरियल नंबर काय? नव्व्याण्णव उत्तरं बरोबर आली आणि एक चुकलं, तर हुजरे गचांडी धरून बाहेर काढतात. त्यामुळे मी या उद्योगाला छंद म्हणत नाही, व्रत म्हणतो. उतायचं नाही, मातायचं नाही, आणि एका वेळी एकाहून जास्त सेटिंग बदलायचं नाही.

पहिली परीक्षा खरेदीची. लॅमिंग्टन रोडवर कुठेही जा, ‘तेच घ्या साहेब, सेम आहे’ हे वाक्य ऐकू येणारच. साध्या पीसीसाठी ते खरंही असतं. तोतयासाठी ‘सेम’ हा शब्द विषासमान. प्रोसेसर इंटेलचा दहाव्या पिढीतला आय५-१०४०० घ्यायचा. ‘१०४००एफ’ स्वस्त मिळतो, पण त्या ‘एफ’चा अर्थ आतलं ग्राफिक्स गायब. अकरावी पिढी जास्त नवी, म्हणून जास्त चांगली, असं वाटणं साहजिक आहे. पण ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये स्वतःची एम१ चिप बाजारात आणली आणि डेस्कटॉपची ती अकरावी पिढी कुठल्याच मॅकमध्ये बसली नाही. जे मूळ घरात जन्मलंच नाही, त्याचं सोंग कसं आणणार? त्या पिढीच्या आतल्या ग्राफिक्ससाठी मॅकओएसमध्ये ड्रायव्हरच नाही.

ग्राफिक्स कार्डाचा हिशोब तर सासरच्या मानपानासारखा आहे. एएमडीचं आरएक्स ६६०० चालतं. ६८०० चालतं. मधलं ६७०० एक्सटी स्वतःहून चालत नाही, कारण त्यातली चिप ॲपलने कधी वापरलीच नाही. ७००० च्या घरातलं एकही चालत नाही. एनव्हिडियाच्या पास्कल पिढीची कार्डं २०१७ च्या हाय सिएरा आवृत्तीपुढे गेली नाहीत, त्यानंतरच्या पिढ्यांना तर मॅकओएसचा उंबराही ओलांडता आला नाही. भाच्याच्या गेमिंग पीसीतून निघालेलं दांडगं कार्ड ‘फुकट मिळतंय’ म्हणून आणू नका. फुकटचं कार्ड या धंद्यात सगळ्यात महाग पडतं.

एसएसडी घेताना पीएम९८१ हा आकडा दिसला तर दुकानातून बाहेर पडा. लॅपटॉपमधून काढलेल्या या ड्राइव्ह स्वस्तात मिळतात आणि मॅकओएसला कर्नल पॅनिक देतात, म्हणजे ती जागीच कोसळते. नेटवर्कची चिप इंटेलची आय२१९-व्ही असेल तर उत्तम. रॅम आठ-आठच्या दोन काड्या. रॅमवर वाद घालण्यात अर्थ नाही, या सबंध प्रकरणात तेवढीच एक वस्तू कुणाचं सोंग घेत नाही.

जोडणी मी दोन वाक्यांत उरकतो, कारण ती कोणत्याही पीसीसारखीच. थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी, श्रीखंडासारखी नव्हे, आणि मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यातली आठ पिनांची केबल विसरू नका, नाहीतर पंखे फिरतील आणि पडदा काळाच राहील.

मग बायोस, म्हणजे मदरबोर्डची स्वतःची सेटिंगं. इथे काय बंद करायचं याची यादी लांब आहे: फास्ट बूट, सिक्युअर बूट, सीएसएम, सिरियल पोर्ट, व्हीटी-डी आणि सीएफजी लॉक. चालू काय ठेवायचं, तर अबव्ह ४जी डिकोडिंग, एक्सएचसीआय हँड-ऑफ, साटा एएचसीआय मोडमध्ये, आणि आतल्या ग्राफिक्सला ६४ एमबी. सीएफजी लॉक हे कुलूप बऱ्याच बायोसमध्ये दिसतच नाही. ते असताना मॅकओएस प्रोसेसरच्या ज्या कप्प्यात लिहू पाहते तिथे तिला मज्जाव होतो आणि ती तिथेच रुसून बसते. कुलूप सापडत नसेल तर ओपनकोअरमध्ये, म्हणजे मॅकओएसच्या आधी सुरू होऊन तिला फसवणाऱ्या बूटलोडरमध्ये, ‘ॲपलएक्ससीपीएमसीएफजीलॉक’ हा पर्याय चालू करायचा. हे नाव एका दमात वाचता आलं तर प्राणायाम वेगळा करायची गरज नाही.

आता सोंगाची पेटी, म्हणजे ईएफआय फोल्डर. बूटलोडर म्हणून पूर्वी कमेलियन होतं, मग क्लोव्हर, आणि २०१९ पासून ओपनकोअर. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून त्यावर हे फोल्डर ठेवायचं. त्यात चार खण असतात. एसीपीआयच्या खणात मदरबोर्डबद्दलच्या छोट्या थापा. उदाहरणार्थ, नव्या बोर्डांवर एडब्ल्यूएसी नावाचं घड्याळ असतं, ते मॅकओएसला वाचता येत नाही, म्हणून एक फाइल त्यावर पडदा टाकून जुनं आरटीसी घड्याळ पुढे करते. दुसरी फाइल नसलेला एम्बेडेड कंट्रोलर ‘आहे’ म्हणून सांगते. ड्रायव्हर्सच्या खणात दोनच गोष्टी लागतात: एचएफएसप्लस आणि ओपनरनटाइम. टूल्सच्या खणाकडे ढुंकून पाहिलं नाही तरी चालतं.

खरा नाट्यसंच केक्स्ट्सच्या, म्हणजे मॅकओएसला जोडायच्या ड्रायव्हरांसारख्या पुरवण्यांच्या, खणात. लिलू हा सूत्रधार, त्याच्याशिवाय बाकीच्यांना रंगमंचावर पाऊल टाकता येत नाही, म्हणून यादीत तो पहिला. व्हॉटएव्हरग्रीन ग्राफिक्स सांभाळतो, ॲपलएएलसी आवाज, इंटेलमॉसी नेटवर्क. आणि व्हर्च्युअलएसएमसी ही मुख्य थाप: खऱ्या मॅकमध्ये एसएमसी नावाची चिप असते, ती इथे नसते, म्हणून हा केक्स्ट तिच्या आवाजात बोलतो. तो कोणाशी बोलतो हेही ऐका. मॅकओएसच्या आत ॲपलने ठेवलेल्या एका फाइलचं नावच ‘डोन्ट स्टील मॅक ओएस एक्स’ असं आहे. दारावर ‘चोरी करू नका’ अशी पाटी आणि पाटीमागे उभा राहून एसएमसीला खूण विचारणारा रखवालदार! इतका सभ्य रखवालदार मी दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिला नाही.

या सगळ्याची बखर म्हणजे कॉन्फिग.पीलिस्ट ही सेटिंगांची फाइल. ती प्रॉपरट्री या एडिटरात उघडायची आणि ‘क्लीन स्नॅपशॉट’ घ्यायचा, म्हणजे फोल्डरातल्या फाइलींची नोंद आपोआप होते. ही एक कळ दाबायची राहिल्याने किती रात्री वाया गेल्या असतील! फाइल फोल्डरात आहे पण बखरीत नोंद नाही, आणि माणूस बिचारा रॅम बदलतोय. मॉडेल म्हणून ‘आयमॅक२०,१’ लिहायचं. आतल्या यूएचडी ६३० वर मॉनिटर लावणार असाल तर प्लॅटफॉर्म आयडी ०७००९बी३ई. वेगळं कार्ड असेल आणि आतलं ग्राफिक्स नुसतं व्हिडिओच्या हमालीला ठेवणार असाल तर ०३००सी८९बी. आरएक्स ६६०० साठी बूट आर्ग्युमेंटमध्ये (सुरू होताना मॅकओएसला द्यायच्या सूचनांत) ‘एजीडीपीमॉड=पिकेरा’ लिहायचं. ते विसरलात तर सगळं नीट चालू होऊन शेवटच्या क्षणी पडदा काळा होतो. मुंडावळ्या बांधून झाल्यावर नवरदेव पळून जावा, तसं.

सीरियल नंबर जेनएसएमबायोस या साधनाने तयार करायचा आणि ॲपलच्या वॉरंटी तपासायच्या पानावर टाकून पाहायचा. इथे जगाच्या उलटा न्याय आहे. ‘हा नंबर वैध नाही’ असं उत्तर आलं की पेढे वाटायचे. वैध निघाला तर तो कुणा खऱ्या माणसाच्या खऱ्या आयमॅकचा आहे, तेव्हा मुकाट्याने दुसरा काढायचा. ॲपल आयडीने लॉग-इन करायचं ते हे सगळं झाल्यावरच.

आणि मग पहिलं बूट. बूट आर्ग्युमेंटमध्ये ‘-व्ही’ लिहिलेलं असावं, म्हणजे सफरचंदाऐवजी पांढऱ्या अक्षरांची जबानी धावत वर जाते. ती थांबते तिथे दुखणं. ‘एक्झिटबीएस:स्टार्ट’ या ओळीवर थांबली तर बूटलोडरने सूत्रं कर्नलकडे, म्हणजे मॅकओएसच्या गाभ्याकडे, सोपवली आणि कर्नलला मेमरीचा नकाशाच कळला नाही, असं समजा. बखरीतल्या बुटर क्वर्क्समध्ये (बोर्डाच्या खोडी झाकणाऱ्या सेटिंगांत) जाऊन दहाव्या पिढीसाठी डीव्हर्च्युअलाइझएमएमआयओ आणि रीबिल्डॲपलमेमरीमॅप चालू, एनेबलराइटअनप्रोटेक्टर आणि सेटअपव्हर्च्युअलमॅप बंद, हे तपासा. ‘पीसीआय कॉन्फिगरेशन बिगिन’वर थांबली तर अबव्ह ४जी डिकोडिंग बंद राहिलं आहे. बायोसमध्ये तो पर्यायच नसेल तर ‘एनपीसीआय=०एक्स२०००’ लिहा, पण दोन्ही एकदम नको. ‘स्टिल वेटिंग फॉर रूट डिव्हाइस’ आणि पडद्यावर तिरकी रेघ मारलेला गोल दिसला, तर ज्या पेनड्राइव्हवरून मॅकओएस आली तोच पेनड्राइव्ह आता तिला दिसेनासा झाला आहे. चष्मा डोक्यावर असताना घरभर शोधणारे आजोबा आठवा. पेनड्राइव्ह यूएसबी २ च्या खाचेत लावून पाहा.

रिकव्हरी, म्हणजे मॅकओएस चढवून देणारा तिचा छोटा अवतार, उघडली की डिस्क युटिलिटीत आधी ‘व्ह्यू’मधून ‘शो ऑल डिव्हाइसेस’ निवडा, मग सगळ्यात वरची डिस्क धरून एपीएफएस आणि जीयूआयडी पार्टिशन मॅप असं फॉरमॅट करा. खालचा भाग फॉरमॅट केलात तर इन्स्टॉलर नाक मुरडतो. मॅकरिकव्हरी स्क्रिप्टने नुसती रिकव्हरी उतरवून बनवलेला पेनड्राइव्ह असेल तर उरलेले बारा-तेरा जीबी इथून उतरतात, तेव्हा नेटची वायर लावलेली हवी. मशीन तीन-चार वेळा स्वतःहून बंद-चालू होईल. प्रत्येक वेळी ‘मॅकओएस इन्स्टॉलर’ हाच पर्याय निवडायचा. ‘एका मिनिटापेक्षा कमी’ असं दिसलं की चहा टाका, प्या, कप विसळून ठेवा, तरी ते मिनिट संपलेलं नसतं.

डेस्कटॉप दिसला म्हणून नाचू नका. यूएसबी मॅपिंग बाकी आहे. मॅकओएस एका कंट्रोलरवर पंधराच पोर्ट मानते. निळी खाच दिसायला एक, पण मोजायला दोन: यूएसबी २ चा एक, यूएसबी ३ चा एक. मागच्या सहा निळ्या म्हणजे बारा, पुढच्या दोन म्हणजे आणखी चार, झाले सोळा, आणि ब्लूटूथ तर अजून रांगेत उभंच. जास्तीचे पोर्ट बिनबोभाट मरतात, आणि मरतो तो नेमका कीबोर्डचा. मर्यादा उठवणारा क्वर्क मॅकओएस ११.३ नंतर कामाचा राहिला नाही. म्हणून विंडोजवर यूएसबीटूलबॉक्स चालवायचं, तोंडात टॉर्च धरून टेबलाखाली शिरायचं, एक यूएसबी २ चा आणि एक यूएसबी ३ चा पेनड्राइव्ह घेऊन प्रत्येक खाचेला लावायचे आणि कोण कुठे दिसतं ते कागदावर लिहायचं. ब्लूटूथला ‘इंटर्नल’ म्हणजे २५५ हा प्रकार द्यायचा. घरचे विचारतात, काय हरवलंय? उत्तर देऊ नये. तोंडात टॉर्च असतो.

हे चुकलं की झोप बिघडते. मशीनची नाही, तुमची. झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही म्हणतात. इथे सोंगाड्यालाच झोपवणं कठीण. पडदा विझतो, पंखे थांबतात, तुम्ही दिवा मालवता आणि दोन सेकंदांत मशीन पुन्हा टक्क जागं. असं तत्काळ जागं होत असेल तर एसएसडीटी-जीपीआरडब्ल्यू ही फाइल घाला आणि टर्मिनलमध्ये पीएमसेटने हायबरनेटमोड शून्य करा. आवाजाचं त्यामानाने सोपं आहे: ‘एएलसीआयडी’पुढे तुमच्या साउंड चिपच्या यादीतला एकेक आकडा लिहून दरवेळी रीस्टार्ट, कुठल्यातरी आकड्याला कंठ फुटतो. वायफाय मात्र सोनोमा आवृत्तीने जुन्या ब्रॉडकॉम कार्डांचा आधार काढून घेतल्यापासून कटकटीचं झालंय. इंटेलचं कार्ड आणि आयटीएलडब्ल्यूएम हा केक्स्ट, किंवा सरळ वायर.

कायद्याचंही ऐकून ठेवा. मॅकओएसचा परवाना ॲपलच्याच मशीनसाठी आहे. फ्लोरिडातल्या सायस्टार कंपनीने २००८ मध्ये असे तोतये उघड विकायला काढले, ॲपलने त्याच वर्षी खटला भरला आणि २००९ मध्ये निकाल कंपनीच्या विरोधात लागला. घरच्या घरी शिकायला जोडणारा आणि विकायला दुकान मांडणारा यांतला फरक ज्याने-त्याने ओळखावा. तसंही या नाटकाचे फार प्रयोग उरलेले नाहीत. इंटेल मॅकसाठी टाहो ही शेवटची आवृत्ती, असं ॲपलने २०२५ मध्ये जाहीर केलं. टाहोने ॲपलएचडीए हा आवाजाचा ड्रायव्हर काढून टाकल्याने ॲपलएएलसीचाही घसा बसला. तिथे दोन-तीनशे रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड लावून मोकळं व्हावं, हे माझं मत.

सगळं जमलं की ईएफआय फोल्डर पेनड्राइव्हवरून एसएसडीच्या ईएफआय पार्टिशनवर कॉपी करा, आणि पेनड्राइव्ह तसाच जपून ठेवा. पुढचं अपडेट फसलं तर तोच कामी येतो. मात्र त्यावर चिकटपट्टी लावून ‘हात लावू नये’ असं ठळक लिहा. घरात कुणाला तरी आधार कार्डाची प्रिंट हवी असतेच. झेरॉक्सवाल्याकडे तो पेनड्राइव्ह जातो, ‘यात कसलंतरी अनोळखी फोल्डर होतं, मी काढून टाकलं’ असं कौतुकाने सांगितलं जातं आणि ईएफआयच्या जागी आधारच्या दोन प्रती परत येतात. एक रंगीत, एक काळी-पांढरी.