सहा तास बसायचं, पावणेदोन मिनिटं बघायचं

परवा आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका नव्या आईनं विचारलं, "शनिवारी चॅम्प्स आहे ना, साधारण किती वाजता मोकळं होतो? एकीकडे दुपारी जेवायला बोलावलंय." त्याखाली सात जणांनी हसरे चेहरे टाकले, उत्तर एकानंही दिलं नाही. चॅम्प्स म्हणजे आमच्या पोरांची उन्हाळ्यातली पोहण्याची मोठी स्पर्धा. म्हणून हे लिहितोय. ताई, एकचं जेवण तीनला चालणार असेल तर होकार कळवा.

भारतातल्या मित्रांसाठी थोडं सांगतो. आम्ही राहतो उत्तर व्हर्जिनियात, वॉशिंग्टनच्या शेजारी. इथे बऱ्याच वस्त्यांना आपापला पोहण्याचा तलाव असतो. मेच्या शेवटी मेमोरियल डेला उघडतो, सप्टेंबरमध्ये लेबर डेला बंद. त्या तलावाचा एक संघ, आणि जून-जुलैत दर शनिवारी सकाळी या तलावाचा त्या तलावाशी सामना. नॉर्दर्न व्हर्जिनिया स्विमिंग लीग १९५६ पासून चालू आहे. नदीपलीकडे मेरीलँडमध्येही अशीच लीग आहे, आणि केटी लेडेकी सहा वर्षांची असताना तिथल्याच एका वस्तीच्या तलावाकडून पोहायला लागली. पंधराव्या वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरचं सुवर्ण. ही माहिती आपल्या पालकांना देऊ नये असं माझं मत आहे, कारण पुढचा प्रश्न "मग कोच कुठला लावायचा?" हाच येतो.

तर जुलैच्या शेवटी चॅम्प्स. विभागातले सगळे संघ एकाच तलावावर येतात. आमच्याकडे पाच वयोगट, चार स्ट्रोक म्हणजे पोहण्याचे प्रकार, मुलं-मुली वेगळी, म्हणजे ४० शर्यती. प्रत्येक शर्यत दोन तुकड्यांत, त्यांना हीट म्हणतात, म्हणजे ८० वेळा शिट्टी, ८० वेळा "टेक युअर मार्क". एका मुलाला जास्तीत जास्त दोन शर्यती. ज्या वर्षाचं सांगतोय, त्या वर्षी माझी लेक नऊ-दहाच्या गटात होती. ५० मीटर बॅकस्ट्रोक आणि ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोक मिळून ती पाण्यात होती पावणेदोन मिनिटं. आम्ही पोचलो होतो साडेसहाला.

साडेसहा म्हणजे उशीरच. सावलीतली जागा सहाच्या आधी जाते. रात्रीच येऊन तंबू ठोकून जाणारे महाभाग आहेत. रेल्वेच्या जनरल डब्यात खिडकीतून रुमाल टाकणाऱ्या माणसांची मुलं इथे येऊनही काही विसरलेली नाहीत, एवढंच म्हणतो.

हाताच्या आतल्या बाजूला मार्करनं तीन रकाने काढायचे: शर्यत, हीट, लेन. आधी मार्कर, तो वाळू द्यायचा, मग सनस्क्रीन. उलट केलं तर शाई धरत नाही आणि पोरगं भलत्याच लेनमागे जाऊन उभं राहतं. पाठीवर एकमेकांच्या "ईट माय बबल्स" लिहितील, लिहू द्या. सगळ्यात भारी म्हणजे जेलोची, म्हणजे जेली करायची, कोरडी पावडर. बोट ओलं करून पाकिटात बुडवायचं आणि चाटायचं. त्यानं वेग वाढतो अशी या पोरांची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. पहिल्या वर्षी मी "अगं नुसती साखर आहे ती!" म्हणून पाकीट काढून घेतलं होतं. संघातल्या चार मुली माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मी कुणाच्या उपासाच्या ताटात अंडं ठेवलं. आता मीच दोन पाकिटं नेतो, लाल आणि निळं. शिवाय दहीभात, पोळीचे रोल आणि गोठवलेली द्राक्षं. दहीभात मुख्यतः माझ्यासाठी.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. हीट जिंकली म्हणजे पहिला नंबर नसतो. संथ वेळांची हीट आधी, जलद नंतर, आणि क्रम लागतो तो दोन्ही हीटच्या वेळा एकत्र करून. दरवर्षी कुणीतरी बाबा पहिल्या हीटनंतर उड्या मारतो आणि पाऊण तासानं कागद चिकटवल्यावर त्याला सातवा नंबर दिसतो. मुलाला हे आधीपासून माहीत असतं. ते बाबांना कसं सांगायचं, हा त्याचा प्रश्न असतो.

आता डीक्यू, म्हणजे डिसक्वालिफाय, शर्यतीतून बाद. यासाठीच खरं तर लिहायला बसलो.

लेकीचा ब्रेस्टस्ट्रोक. पहिली लांबी सुंदर गेली. वळताना पांढऱ्या शर्टातल्या पंच बाईंचा हात वर गेला. मला वाटलं, कुणाला बोलावतायत. शर्यत संपली, लेक चौथी आली होती, मी टाळ्या वाजवतोय, आणि शेजारचा म्हणाला, "डीक्यू झाली बहुतेक." माझं डोकं फिरलं. माझ्या फोनमध्ये व्हिडिओ होता. तो घेऊन मी तरातरा निघालो. अर्ध्या वाटेत आमच्या संघाच्या प्रतिनिधी बाई आडव्या आल्या. त्यांनी शांतपणे सांगितलं की पंचांशी बोलायचा हक्क फक्त प्रतिनिधीला असतो, पालकाला नाही. व्हिडिओ चालत नाही, कुणाचाच. आणि मग माझ्या हातात चिठ्ठी दिली. त्यावर एका चौकोनात खूण होती: वळताना दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागले नाहीत.

ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायला तो नियमच आहे. बॅकस्ट्रोकला शेवट पाठीवरच करायचा. शर्यत सुटताना बीपच्या आधी हललं तर तिथेच संपलं, दुसरी संधी नाही. गंमत म्हणजे फ्रीस्टाइलमध्ये दमून तळाला पाय टेकवून उभं राहिलेलं चालतं, फक्त चालायचं किंवा उडी मारून पुढे जायचं नाही. हे सगळं मी नंतर शिकलो. मी स्वतः पोहायला शिकलो तो मामाच्या मळ्यातल्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. तिथे एकच नियम होता: वर यायचं.

रात्री व्हिडिओ हळू करून पाहिला. डावा हात आधी, उजवा चांगला वीतभर मागे. बाईंनी अचूक पाहिलं होतं. आणि मी तावातावानं निघालो होतो तेव्हा लेक कुठे होती? आइसपॉपच्या रांगेत, मैत्रिणींबरोबर. प्रशिक्षकानं तिला पाण्याबाहेर येताच सांगितलं होतं, ती दोन मिनिटं रडली होती, आणि ते संपलं होतं. चिठ्ठी घेऊन मी तिच्याजवळ गेलो तेव्हा तिचा प्रश्न होता, "बाबा, तू त्या पंच आंटीला ओरडलास का?"

ओरडलो नव्हतो. पण ते प्रतिनिधी बाईंमुळे.

आता जरा कडू बोलतो, आपल्याच लोकांबद्दल, आणि त्यात मी पहिला. चॅम्प्सला आपली मंडळी कुठे असतात? तंबूत. चांगल्या खुर्च्या, चांगले डबे, हातात फोन. आणि बोलणं काय, तर अमक्याची मुलगी वर्षभर क्लबमध्ये पोहते मग तिला इथे घेतातच कसं, तमक्यानं वेगासाठीचा तो महागडा, घट्ट टेक सूट घातलाय. (यूएसए स्विमिंग या देशाच्या पोहण्याच्या संघटनेनं आपल्या स्पर्धांत १२ वर्षं आणि त्याखालच्या मुलांना सप्टेंबर २०२० पासून ते सूट बंद केलेत. उन्हाळी लीग त्यांच्या अखत्यारीत येत नाही, पण निदान आठ वर्षांच्या पोराला तो चढवायला अर्धा तास घालवू नका.) मग स्वयंसेवकांची यादी फिरते आणि आपण चपला शोधायला लागतो. "फी भरली आहे ना आपण?" हे वाक्य मी मराठीतच ऐकलंय, आणि एकदा स्वतः म्हटलंय.

हिशोब करा. सहा लेन, प्रत्येक लेनला तीन घड्याळं, म्हणजे अठरा टायमर. दोन पाळ्या धरल्या तर छत्तीस. वर पंच, लहानग्यांना बाकावर क्रमानं बसवून लेनपर्यंत नेणारे, कागद पोचवणारे, संगणकावर वेळा भरणारे, बेगल विकणारे. पगारी माणूस नावाला. सगळे कुणाचे तरी आईबाप.

डीक्यूच्या पुढच्या वर्षी मी टायमर झालो. सांगतात ते असं: भोंग्याचा आवाज ऐकून नाही, दिवा चमकलेला बघून घड्याळ दाबायचं, कारण आवाज उशिरा पोचतो. पोराचा कुठलाही भाग भिंतीला लागला की थांबवायचं. तीन घड्याळांतलं मधलं ग्राह्य. गुडघ्यापर्यंत भिजतो आपण. पण त्या भिंतीपाशी उभं राहून जे दिसतं ते तंबूतून कधीच दिसलं नव्हतं. सात वर्षांचा मुलगा लेनच्या दोरीला आपटत, नाकातोंडात पाणी घेत शेवटी पोचतो, वर बघतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "मी संपवलं का?" वेळ किती, हे तो विचारत नाही. ते मागून कुणाचा तरी बाप ओरडून विचारतो.

त्या दिवशी माझ्याच लेनमध्ये माझी लेक आली. अंगठा थरथरला, खोटं कशाला बोलू. मधलं घड्याळ माझं निघालं नाही, शेजारी उभ्या असलेल्या एका कोरियन आजोबांचं निघालं. तिची त्या मोसमातली सगळ्यात चांगली वेळ त्यांच्या अंगठ्यानं नोंदली गेली. वळताना दोन्ही हात बरोबर लागले होते, तेवढं मी मान वाकडी करून बघून घेतलं.

ढगांचं राहिलंच. गडगडाट झाला की सगळे पाण्याबाहेर आणि तीस मिनिटं थांबायचं. एकोणतिसाव्या मिनिटाला पुन्हा गडगडलं तर मोजणी पहिल्यापासून. जुलैत हे हमखास. पत्ते न्या. माझ्या लेकीच्या संघातली निम्मी पोरं त्या तासाभरात बदामसात शिकली आहेत आणि आता घरी आई-बाबांना हरवतात.

घरी आल्यावर सांगलीहून तिच्या आजोबांचा फोन येणार, "आला का नंबर?" हे अटळ आहे. आमच्याकडे फोन तीच घेते. गेल्या वर्षी तिनं आजोबांना नंबर सांगितलाच नाही, पंधरा मिनिटं जेलोबद्दल सांगत होती. आजोबांनी मग मला स्वतंत्र फोन केला, की पोरीला अमेरिकेत कच्ची पावडर का खायला घालता.

तर ताई, शनिवारी साडेपाचला निघा. जादा टॉवेल तीन. दुसऱ्या पाळीच्या टायमरच्या यादीत अजून चार जागा रिकाम्या आहेत, आत्ताच बघितलं. घड्याळ तिथे मिळतं, टोपी आपली आणा.