हरकत घेऊ नका, असं सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

सातारची हद्द २०२० मध्ये वाढली. शाहूपुरी, विलासपूर असे कालपर्यंत ग्रामपंचायतीत असलेले भाग शहरात आले आणि आमच्याकडच्या गप्पांमध्ये ‘आरक्षण’ हा शब्द जातीच्या दाखल्यावरून उतरून सातबाऱ्यावर येऊन बसला, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात रस्ता, शाळा, बाग अशा कामांसाठी राखून ठेवलेली जमीन. माझा धंदा घरांचे प्लॅन काढायचा. त्यामुळे माणसं सातबारा आणि झोन दाखला (जमीन कुठल्या वापरासाठी दाखवली आहे हे सांगणारा) घेऊन येतात, आणि हल्ली मोबाईलवर एक मेसेजही घेऊन येतात. कुणाला तो सांगलीच्या पाहुण्यांनी पाठवलेला असतो, कुणाला कऱ्हाडच्या ग्रुपवरून आलेला असतो. शब्द थोडे इकडेतिकडे, मजकूर तोच. थोडक्यात असा:

विकास आराखडा आधीच वर ठरलेला असतो. हरकती-सूचना हा फार्स, कागद रद्दीत जातात. ज्याची जमीन जात नाही त्याला बोलायचा अधिकार नाही. जो हरकत घेतो त्याचं नाव नोंदलं जातं आणि मग त्याचीच जमीन धरली जाते. त्यापेक्षा गप्प बसा, दहा वर्षांनी आरक्षण आपोआप उठतं. आणि हरकत घ्यायचीच असेल तर सोबतच्या नमुन्यावर सह्या करून एकगठ्ठा द्या, साठ दिवस आहेत.

शेवटी ‘जास्तीत जास्त शेअर करा’. करतो, पण उत्तरासकट.

‘आधीच ठरलेला असतो’

ठरलेला असतो म्हणजे कुणीतरी तो काढलेला असतो. मीही गिऱ्हाईकापुढे कोरा कागद ठेवत नाही. आधी प्लॅन काढतो, मग त्यांच्या घरातली माणसं सांगतात की देवघर चुलीच्या भिंतीला चिकटलंय. आराखड्याचं तसंच आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाप्रमाणे आधी आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो, मग आज कुठे काय आहे याचा जमीन वापर नकाशा होतो, आणि त्यावरून प्रारूप. हे प्रारूप राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रात नोटीस देऊन लोकांसमोर ठेवावं लागतं. आपण जे बघतो ते हेच, कच्चं. सही शेवटी राज्य सरकारची, आणि ती व्हायला पुढे बरीच वर्षंसुद्धा जातात.

कच्चं खरोखर बदलतं का? मुंबईचं उदाहरण घ्या. २०१५ च्या फेब्रुवारीत तिथला २०३४ पर्यंतचा प्रारूप आराखडा आला. उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले, वारसा वास्तू गायब. हजारोंनी हरकती पडल्या आणि एप्रिलमध्ये सरकारने तो आराखडाच बाजूला ठेवून नव्याने करायला सांगितलं. सुधारित प्रारूप पुढच्या वर्षी आलं, मंजुरी २०१८ मध्ये. ती मुंबई होती, तिथे गाजावाजा करणारे पुष्कळ, हे मान्य. पण कायदा तिथे होता तोच इथे आहे.

‘हरकती हा फार्स’

या मुद्द्यावर मला जास्त बोलायचंय, कारण मेसेजमधला सगळ्यात जास्त पटणारा मुद्दा हाच आहे आणि सगळ्यात जास्त नुकसान करणाराही.

हरकत दिली की ती कुणा एका साहेबाच्या ड्रॉवरमध्ये जात नाही. कलम २८ खाली नियोजन समिती नेमावी लागते. तिच्यात पालिकेचे तीन सदस्य, आणि नगररचना संचालकांनी नेमलेले, या विषयातले जाणकार असे जास्तीत जास्त चार. लेखी हरकत देणाऱ्याला ती समिती सुनावणीला बोलावते. नंतर समितीचा अहवाल, त्यावरून पालिकेने केलेले बदल, ते बदल लोकांच्या माहितीसाठी पुन्हा प्रसिद्ध, आणि मग आराखडा सरकारकडे. सरकारला त्यात मोठा बदल करायचा असेल तर त्यासाठी पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. कागदावर तरी रद्दीची पेटी कुठे नाही.

प्रत्यक्षात? माझ्या मावसभावाचं सांगतो. गावाचं नाव नको, आपल्याच जिल्ह्यातलं. प्रारूप आलं तर त्याच्या रानातून बारा मीटरचा डीपी रोड (आराखड्यातला रस्ता), बरोब्बर विहिरीवरून. नकाशात विहीरच नव्हती. मी शीटवर ट्रेसिंग ठेवून बघितलं तर गटाची हद्दही पाच-सहा मीटर सरकलेली, म्हणजे शेजाऱ्याच्या गोठ्याचे पत्रे आमच्या गटात आलेले. भावाने आधी दोन पानी अर्ज लिहून आणला होता: ‘आम्ही गरीब शेतकरी असून आमच्यावर घोर अन्याय झाला आहे.’ खोटं काहीच नव्हतं त्यात, पण समितीला त्याचं करायचं काय? तो अर्ज बाजूला ठेवला. मोजणीची क प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा मोजणीचा सरकारी नकाशा, काढली, विहिरीचे चार बाजूंनी फोटो काढले, मोटारीचं वीजबिल जोडलं. नकाशाच्या झेरॉक्सवर लाल पेनाने रस्ता बांधाला चिकटवून दाखवला आणि अर्धं पान लिहिलं.

सुनावणी चार मिनिटांची झाली. हो, चारच. बाहेर बाकावर तीन तास बसून. पण त्या चार मिनिटांतलं एक मिनिट समितीतल्या एका बाईंनी नकाशावर स्केल ठेवून क प्रतीशी हद्द जुळवून बघण्यात घालवलं. रस्ता बांधाकडे सरकला, विहीर वाचली. ‘बारा मीटर नको, नऊ करा’ ही आमची दुसरी मागणी मात्र फेटाळली गेली, कारण पुढच्या-मागच्या गटांत तोच रस्ता बाराचा होता. बरोबरच होतं त्यांचं. भाऊ अजून कुरकुरतो, तो भाग वेगळा.

त्याच दिवशी आमच्या पुढे एक काका होते, आवाज मोठा, हातात कागद नाही. त्यांचीही चार मिनिटं झाली. त्यांचं काय झालं ते मला माहीत आहे आणि त्यांनाही. हा फार्स म्हणायचा का? कंटाळवाणं आहे, घाईचं आहे, बाहेरच्या बाकावर पंखा नसतो. आणि सरकार शेवटच्या टप्प्यावर समितीचं न ऐकताही निर्णय घेऊ शकतं, हे खरंच आहे. पण नकाशातली चूक पुराव्यासकट दाखवली की ती दुरुस्त करणं त्यांनाही सोयीचं असतं. न्यायाच्या नावाने ओरडलं की नसतं.

‘ज्याची जमीन जात नाही त्याने बोलू नये’

हे सरळ चूक. कायद्यात शब्द ‘कोणतीही व्यक्ती’ असा आहे. मालक नाही, गटधारक नाही, कोणीही. भाड्याने राहणाराही.

आणि आपल्याकडे याचं महत्त्व सांगलीकरांना सांगायला नको. आयर्विन पुलावर ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, २०२१ मध्ये पुन्हा धोक्याच्या पातळीच्या बरंच वर. पाटबंधारे खातं नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतं. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतल्या पुराची लाल. निळ्याच्या आत सहसा नवं बांधकाम नाही, दोन्हींच्या मध्ये अटींवर. पण रेषा रेषेच्या जागी आणि पाणी पाण्याच्या. नाला बुजला असेल, रस्त्याचा भराव आडवा पडला असेल, तर रेषेच्या बाहेरही पाणी चढतं. कुठल्या गल्लीत किती चढलं हे नकाशा काढणाऱ्यापेक्षा तिथे पहिल्या मजल्यावर चार दिवस अडकलेल्या माणसाला जास्त ठाऊक असतं. आरोग्य केंद्राचं किंवा शाळेचं आरक्षण खोलगट जागी पडलं असेल, तर भिंतीवरच्या पुराच्या खुणेचा फोटो, शेजारी टेप धरून, तारीख आणि पत्ता लिहून दिला की ती चांगली सूचना झाली. तिथे त्या माणसाची गुंठाभर जमीन असायची गरज नाही. नैसर्गिक ओढे नकाशात दाखवलेत का, हे तर प्रत्येकाने बघावं. सातारला अजिंक्यताऱ्याच्या उतारावरून उतरणाऱ्या ओढ्यांबद्दलही मी हेच म्हणेन.

जमीन जाणारे फक्त आपल्या गटापुरतं बोलतात, ते साहजिकच आहे. मग बागेसाठी, शाळेसाठी ठेवलेली जागा राहू द्या असं म्हणणारा एकही अर्ज फाईलला नसतो. उठवा म्हणणारे दोनशे, ठेवा म्हणणारं कुणी नाही. अशा फाईलवर निर्णय कुणाच्या बाजूने झुकेल?

‘नाव नोंदलं जातं’

जातं, कारण सुनावणीला बोलवायला नाव-पत्ता लागतो. बाकी, एखाद्याच्या गटावर सूड म्हणून नवं आरक्षण टाकायचं तर तेही प्रसिद्ध करावं लागतं, सरकारकडे पाठवावं लागतं. असं झालेलं मी तरी बघितलेलं नाही. हरकत घेतली नाही म्हणून गेलेली जमीन मात्र बघितली आहे.

‘दहा वर्षांनी आपोआप उठतं’

‘आपोआप’ या एका शब्दाने किती जणांना बुडवलंय.

कलम १२७ आहे, दहा वर्षंही त्यात आहेत. पण पूर्ण वाचा. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही, तर मालकाने मालकीचे कागद जोडून नोटीस द्यायची. बोलीभाषेत तिला खरेदी सूचना म्हणतात. ती पोचल्यापासून २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्यासाठी खरं पाऊल उचललं गेलं नाही, तर आरक्षण रद्द झालं असं धरायचं, आणि सरकारने तसं राजपत्रात जाहीर करायचं. ही मुदत मुळात ६ महिन्यांची होती, २००९ मध्ये १२ झाली आणि २०१५ मध्ये २४. ‘खरं पाऊल’ हेही महत्त्वाचं. नुसता प्रस्ताव पाठवणं म्हणजे पाऊल नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्सच्या प्रकरणात सांगितलंय. म्हणजे कायद्यात मालकाच्या बाजूचं बरंच आहे, पण नोटीस दिल्यावर. ती न देता बसलेल्याला काही नाही.

आमच्या ओळखीचे एक आण्णा आहेत. खेळाच्या मैदानाचं आरक्षण, पाऊण एकर. गावातल्या कुणीतरी सांगितलं, दहा वर्षं थांबा. थांबले. त्या काळात ना बांधकाम परवानगी, ना बँकेचं कर्ज. मुलीच्या लग्नाला दोन गुंठे विकायला काढले तर येणारा प्रत्येक जण झोन दाखला मागायचा आणि चहा पिऊन जायचा. अकरा वर्षं झाली, बारा झाली. आण्णा सातबारा काढून बघत, त्यावर त्यांचंच नाव, म्हणून खूश. नोटीस काही दिली नाही. तेवढ्यात सुधारित आराखडा आला, मंजूर झाला, आणि त्यात तेच मैदान पुन्हा. आराखडा साधारण वीस वर्षांनी सुधारावा लागतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. सुधारित आराखड्यात आरक्षण कायम राहिलं आणि आधी नोटीस दिलेली नसेल, तर दहा वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायची. आण्णा आता सत्तरीचे आहेत.

आरक्षण म्हणजे जमीन फुकट गेली, असंही नाही. पालिका वाटाघाटीने रोख देऊन घेऊ शकते, टीडीआर (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊ शकते किंवा २०१३ च्या भूसंपादन कायद्याने घेऊ शकते. २०२० पासूनच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत काही आरक्षणं मालकाने स्वतः विकसित करून ठरलेला भाग पालिकेला द्यायचा, उरलेला आपण वापरायचा, अशीही सोय आहे. पण त्या वाटा पुढच्या. पहिली संधी हरकतीची.

‘नमुन्यावर सह्या करून एकगठ्ठा द्या, साठ दिवस आहेत’

साठ दिवसांचा आकडा मोठ्या महापालिकांच्या बातम्यांतून आलेला असणार. आपल्या आकाराच्या गावांना मुदत तीस दिवसांची. नोटिशीत छापलेली तारीख वाचायची, मेसेजमधली नाही. तीसपैकी पहिले आठ-दहा दिवस तर नकाशा कुठे लावलाय ते शोधण्यात जातात, पुढचे पाच दिवस भाग नकाशाची, म्हणजे आपल्या गटापुरत्या नकाशाची, प्रत मिळवण्यात. क प्रत घरात नसेल तर अर्ज त्याच दिवशी टाका. अर्ज दोन प्रतींत द्या, आणि आपल्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोच नसलेला अर्ज दिला असं मी तरी समजत नाही.

एकगठ्ठ्याचं म्हणाल तर सगळ्यांचं म्हणणं खरंच एक असेल, एखाद्या गल्लीचा रस्ता, एखादा ओढा, तर जरूर द्या. पण छापील नमुन्याचं काय होतं ते भावाच्या सुनावणीला मी बघितलं. शेवटच्या दिवशी आलेला गठ्ठा होता, वीतभर जाडीचा. वर दिसणाऱ्या पानावर ‘गट नं.’ च्या पुढे नुसती टिंबं होती, खाली सही. क्लार्क एकेक उचलून बघत होता आणि टिंबांच्या पानांचा वेगळा ढीग करत होता. तो ढीग मोठा होत गेला.

परवा हा मेसेज मला पुन्हा आला, या वेळी एका लांबच्या पाहुण्यांकडून. त्यांच्या गावचं प्रारूप सध्या हरकतींसाठी लागलंय. मी फोन केला, विचारलं, “दाजी, तुमचा गट कुठल्या शीटवर आलाय?”

“बघून सांगतो,” म्हणाले. “तू मेसेज वाचलास का पण?”