कॉर्नबर्ग यांचं नोबेल चुकून दिलं गेलं?

‘आर्थर कॉर्नबर्ग यांना 1959 चं नोबेल ज्या एन्झाइमसाठी मिळालं, ते डीएनएची नक्कल करतच नाही, म्हणजे नोबेल चुकलं’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. त्यात अर्धं खरं आहे, पण निष्कर्ष साफ चुकीचा.

कॉर्नबर्ग या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञांनी ई. कोलाय या जिवाणूतून डीएनए पॉलिमरेज हे एन्झाइम (पेशीतली रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) वेगळं काढलं. ते डीएनएच्या जुन्या धाग्याच्या साच्याबरहुकूम नवा धागा विणतं, यात शंका नाही. 1967 मध्ये त्याच एन्झाइमच्या मदतीने त्यांच्या गटाने एका विषाणूचा डीएनए परीक्षानळीत तयार केला आणि तो जिवाणूंना संसर्गही करू शकला. नक्कल करता येत नसती तर हे घडलंच नसतं!

घोळ झाला 1969 मध्ये. पॉला डी लुसिया आणि जॉन केर्न्स यांना ई. कोलायचा असा उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेला) वाण सापडला, ज्यात या एन्झाइमचं काम जवळजवळ बंद होतं. तरी तो मजेत वाढत होता. मात्र अतिनील किरणांपुढे तो टिकेना. म्हणजे जिवाणूत या एन्झाइमचं मुख्य काम दुरुस्तीचं. शिवाय नक्कल होताना सुरुवातीला बसणारे आरएनएचे तुकडे काढून तिथे डीएनए भरणं हेही त्याच्याकडेच, त्यामुळे नकलेशी त्याचा संबंधच नाही असंही नाही. गुणसूत्राची मुख्य नक्कल करतं त्याच जिवाणूतलं दुसरं एन्झाइम, पॉलिमरेज तीन, सेकंदाला डीएनएचे साधारण हजार घटक जोडत.

हे पॉलिमरेज तीन शोधण्यात कॉर्नबर्ग यांचाच मुलगा थॉमस आघाडीवर होता, हे त्या मजकुरात सोयीस्करपणे गाळलंय.