नेमका कुठला उतारा?

बँकेने सातबारा परत केला. आधारवर वडील 'दत्तात्रय', उताऱ्यावर 'दतात्रय'. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर तलाठ्याने निळ्या शाईत दोन्ही त व्यवस्थित बसवले होते. संगणकीकरणात त्यातला एक गळाला. क्षेत्र बरोबर, लागवडीला न येणारा पोटखराबासुद्धा आरपर्यंत बरोबर, माणूस तेवढा अर्ध्या अक्षराने उणा. "हे दोन वेगळे इसमही असू शकतात," साहेब म्हणाले. वडिलांना हयातीत कुणी इसम म्हटलं नव्हतं.

तर सेतूच्या रांगेत उभा होतो. माझ्यामागे एक आण्णा. पांढरी टोपी, काखेत कागदांनी फुगलेली बियाण्याची पिशवी.

"काय काम काढलंसा, पावणं?"

"उतारा पाहिजे."

आण्णा एक पाऊल मागे सरकले. "कुणाला लागीर झालंय?"

"तसला नाही हो. शेताचा."

"आसं व्हय! मग एकरी किती पडला?"

"पिकाचा नव्हे. कागदाचा उतारा, आण्णा. सातबारा."

"मग सातबारा म्हना की! उतारा म्हंजे साखर उतारा. बाकीचं सगळं तोंडी लावायला."

आणि आण्णा सुटले. कोल्हापूरकडच्या माणसाला हा विषय काढून देऊ नये. शंभर किलो उसातून जेवढे किलो साखर निघते, तो उतारा. २०२५-२६ ची एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये, आणि वर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३४ रुपये ६० पैसे. आण्णांना हे पैशांसकट पाठ. तुटलेला ऊस फडात वाळला की उतारा घसरतो. बी-हेवी मळीतून, म्हणजे साखर पुरती न काढलेल्या मळीतून, इथेनॉल काढलं की पोत्यात साखर कमी दिसते, ती हिशोबात धरली की नाही हे सभेत कुणी विचारायचं? आण्णांनी विचारलं होतं. माईक बंद पडला.

"ऊस आमचा. काटा त्यांचा, लॅब त्यांची, उताराबी त्यांचाच." पिशवीतून त्यांनी घड्या पडून जाळी झालेली एक काटापावती काढली आणि ती मी रांगेत उभ्याउभ्या वाचावी असा आग्रह धरला. वाचली. शाळेतही असंच व्हायचं : खालील उतारा वाचा, योग्य शीर्षक द्या. मी कायम 'श्रमाचे महत्त्व' द्यायचो, आणि गुण मिळायचे.

खिडकीतल्या पोराने स्क्रीनवरची नजर न काढता निकाल दिला : "१५५ चा अर्ज करा." महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १५५, लेखनप्रमादाची दुरुस्ती. प्रमाद त्यांच्या ऑपरेटरचा. अर्ज मी लिहायचा, तिकीट मी लावायचं, तहसीलला खेटे मी घालायचे. सोबत काय जोडायचं? जुन्या उताऱ्याची प्रमाणित नक्कल आणि चालू उतारा.

"म्हणजे उतारा दुरुस्त करायला उतारा?"

"रात्री जास्त झाली की सकाळी तीच वाईच घ्यायची," मागून आण्णा. "त्यालाबी उताराच म्हंत्यात."

रांग हसली. मलाही हसू आलं, पण खरं सांगायचं तर संताप जास्त येत होता. विष, नशा, भूत यांवरचे उतारे गावोगाव मिळतात. एका त-वर मात्र तहसीलदारांचा आदेश लागतो, आणि त्यासाठी मी रजा टाकायची.

डिजिटल सहीच्या सातबाऱ्याचा सरकारी दर १५ रुपये. पोराने पन्नास घेतले. पावती मागितली तर म्हणाला, "पावतीचे वेगळे होतील."

प्रिंट हातात पडण्याआधीच आण्णांनी पुढे होऊन घेतली आणि चष्मा कपाळावर सरकवून नमुना बारापर्यंत, म्हणजे पिकांच्या नोंदीपर्यंत, खाली उतरले.

"पावणं, हितं तर 'पड' लिवलंय. ई-पीक पाहणी केली न्हाईसा वाटतं मोबाइलवर?"

"मोबाइलला रानात रेंज नाही, आण्णा. आणि पड कसली? डोक्याच्या वर ऊस उभा आहे!"

"आसंल की. पर बँक रानात येती व्हय?"